दयेचे भाषण आणि सक्तीचा बाप्तिस्मा

शेक्सपिअरचे ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे नाटक आयसीएसईच्या शाळांतून नववी-दहावीला वर्षानुवर्षे शिकवले गेले. आमच्या मुलांनी त्यातून काय घेतले? पोर्शियाचे दयेवरील भाषण तोंडपाठ. शायलॉकचे स्वभावचित्र गाइडमधले: लोभी, क्रूर, सूडबुद्धीचा. गुण मिळाले, पुस्तक मिटले.

याला आम्ही साहित्याचे शिक्षण मानत नाही. कर्जापोटी माणसाचे मांस मागणारा शायलॉक निर्दोष नव्हे. परंतु त्याच्यावर थुंकणारा, त्याला कुत्रा म्हणणारा अँटोनिओ नाटकात सज्जन म्हणून मिरवतो. ज्या न्यायालयात दयेचा महिमा गाइला जातो, तेथेच या ज्यू सावकाराने ख्रिस्ती व्हावे, अशी अट अँटोनिओ घालतो. जीव आणि मालमत्ता दोन्ही पणाला लागलेला शायलॉक ती मान्य करतो. हा बाप्तिस्मा की शिक्षा? ख्रिस्ती शाळेने हा प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

‘परीक्षेला येत नाही,’ असे शिक्षक म्हणतात आणि आम्ही पालक मान डोलावतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धेची सक्ती अमान्य केली, ज्यूद्वेषाचा निषेध केला. ही शिकवण आमच्या वर्गांत पोहोचली काय? माणूस अपमानाने कसा कडवट होतो आणि धर्माभिमान दयेचा वेष कसा घेतो, हे साहित्य दाखवते. आम्ही पाहत नाही.

आज सायंप्रार्थनेनंतर मुलांना एवढेच विचारा: या नाटकात ख्रिस्तासारखे कोण वागले?