'निरुपयोगी' बेटाचे रान



कॅरिबियन म्हटले की नारळीची झाडे आणि हिरवेगार डोंगर डोळ्यांसमोर येतात. आपले कोकणच जणू. अरुबा बेट मात्र तसे नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम 25-30 किलोमीटरवर असलेल्या या बेटावर वर्षाला 500 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. म्हणजे आपल्या माणदेशासारखीच गत, फक्त चहूबाजूंनी समुद्र. नळाला येते ते पाणीही समुद्राचेच, मीठ काढून गोड केलेले.

पश्चिम किनाऱ्यावर पांढरी वाळू आहे, हॉटेले आहेत. बहुतेक पाहुणे तिथूनच परत जातात. आम्ही गेलो ते पूर्वेला, अरिकोक राष्ट्रीय उद्यानात. बेटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या उद्यानाने व्यापलेला आहे. उद्यान या शब्दावर जाऊ नका. बाग नाही, हिरवळ नाही. काळे-तांबडे खडक, कोरड्या ओढ्यांच्या घळी, माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट उंच निवडुंग आणि अखंड वारा. सर्वांत उंच डोंगर हामानोता, तोही अवघा 188 मीटरचा.

वाऱ्याबद्दल थोडे सांगायलाच हवे. तो बारा महिने पूर्व-ईशान्येकडून वाहतो. इथल्या दिवी-दिवी झाडांचा माथा त्यामुळे कायमचा पश्चिमेकडे झुकलेला असतो. वाट चुकलात तर झाड झुकले असेल तिकडे चालत राहा, हॉटेले सापडतील, असे इथे म्हणतात. आम्हाला त्याचा उलटा उपयोग झाला. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या आम्हाला इथे किब्ला पूर्व-ईशान्येला, थेट वाऱ्याच्या तोंडावर. झोहरच्या वेळी झाडाच्या झुकावाकडे पाठ केली की दिशा बरोबर! जानमाज उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागले. भगिनींनी दुपट्ट्याला दोन पिना जास्तच लावाव्यात. पाणी भरपूर बरोबर घ्यावे, कारण सावली जवळजवळ नाहीच.

अशा जमिनीची किंमत परक्यांनी काय केली, ते ऐकण्यासारखे आहे. स्पॅनिश लोक 1499 मध्ये या भागात आले. सोने दिसले नाही, म्हणून त्यांनी ही बेटे 'निरुपयोगी' ठरवली. बेटे निरुपयोगी, पण त्यावरची माणसे कामाची! 1515 च्या सुमारास इथल्या काकेतियो लोकांना जहाजांत घालून हिस्पॅनिओला बेटावर मजुरीला नेण्यात आले. पुढे 1824 मध्ये याच बेटावर सोने सापडले. मिरालामार इथल्या खाणीचे पडके अवशेष उद्यानात अजून उभे आहेत. आम्ही तिथे फार थांबलो नाही.

थांबलो ते फोन्तेइन गुहेत. छत खाली येते तिथे वाकून पाहिले की तांबूस-तपकिरी रेघांची चित्रे दिसतात, त्या जुन्या रहिवाशांच्या हातची. जवळच गोड्या पाण्याचा झरा आहे. माणसांनी हीच जागा का निवडली, ते विचारावे लागत नाही. पलीकडच्या क्वादिरिकी गुहेच्या छताला भोके आहेत, त्यांतून उन्हाचे झोत आत पडतात. आत वटवाघळे. मुले घाबरली, पण या रानाचा संसार चालतो तो त्यांच्यावरच. निवडुंगाची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांतला मध पितात आणि परागकण पसरवतात. मग फळे धरतात आणि ऐन कोरड्या दिवसांत पाखरांचे, घोरपडीसारख्या इग्वानांचे पोट भरते. अल्लाहतआलाने कुणाची रोजी कुणाच्या हाती ठेवली आहे, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

उद्यानातले जुने शेतकऱ्याचे घर आमच्या घरच्यांना सर्वांत आवडले. मातीच्या भिंती, आणि कुंपण निवडुंगाचे. इथला शेतकरी पिकवायचा ज्वारी! आफ्रिकेतून आलेले हे धान्य इथल्या कोरड्या मातीतही तग धरून राहिले. 'पान बाती' नावाची इथली जाड पोळी पूर्वी ज्वारीच्या पिठाची होत असे, आता मक्याच्या पिठाची असते. दुसरे ओळखीचे रोप कोरफडीचे. ती मूळची अरबस्तानातली, एकोणिसाव्या शतकात इथे आली आणि बेटाचे मोठे पीक झाली. अरुबाच्या राजचिन्हातही तिला जागा मिळाली. अरबीत कोरफडीला 'सबिर' म्हणतात, 'सब्र' ज्या धातूपासून आला त्याच धातूचा हा शब्द.

जमिनीत बीळ करून राहणारे छोटे घुबड, शोको, हे 2012 पासून बेटाचे राष्ट्रीय प्रतीक आहे. आपल्याकडे काही घरांत अजून घुबड दिसले की तोंड फिरवतात. दीनने असले अपशकुन केव्हाच मोडीत काढले, तरी सवय जात नाही. या शोकोचा खरा शत्रू आहे बोआ अजगर. तो इथला नव्हे. कुणीतरी हौसेने पाळला असावा आणि नकोसा झाल्यावर सोडला असावा. गेल्या पंचवीसेक वर्षांत तो बेटभर पसरला. पक्षी, सरडे काहीही गिळतो, आणि त्याला खाणारे इथे कुणी नाही. मोकाट शेळ्या कोवळी रोपे फस्त करतात, ते वेगळेच.

उद्यानाचे रक्षक दिसेल तो बोआ पकडतात. पण इथे कास्काबेल नावाचा एक खुळखुळ्या नागही आहे, फिकट रंगाचा, विषारी. तो जगात फक्त अरुबात आढळतो, आणि उरले आहेत फार थोडे. साप दिसला म्हणून पाहुण्याने दगड उचलला, तर तो नेमका याच्या डोक्यात बसायचा. म्हणून साप कोणताही दिसो, मागे सरावे आणि रक्षकाला बोलवावे. उद्यान दुपारी 4 वाजता बंद होते, तोवर ते वाटेवर भेटतात.