गाणे आपले, नाव कुणाचे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेच्या अल्बमला 'कंट्री' संगीताचा ग्रॅमी मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. त्याआधी वर्षभर तिकडे कुरकूर सुरू होती की कंट्री ही तर गोऱ्या शेतकऱ्यांची गायकी, हिचा तिथे काय संबंध?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. म्हणून आधी त्या गायकीची मुळे तपासू आणि मग आपल्या घरात येऊ.

कंट्री आणि त्यातून पुढे निघालेले ब्लूग्रास यांची ओळख म्हणजे बँजो. (आपल्या वरातीत वाजतो तो बेंजो वेगळा, तो जपानी वाद्यावरून आला.) अमेरिकेचा बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी घडवला. भोपळ्यावर कातडे ताणायचे, दांडी बसवायची, तारा लावायच्या. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून, हातात हाच बँजो घेऊन काळ्या माणसाची टवाळी करणारे खेळ करू लागले. ज्यांचे वाद्य होते त्यांनाच त्याची लाज वाटू लागली आणि हळूहळू ते त्यांच्या हातून सुटले. मग ते गोऱ्यांचे 'पारंपरिक' वाद्य झाले.

१९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या आल्या. त्यांनी दोन याद्या केल्या, काळ्यांच्या रेकॉर्ड वेगळ्या आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्यांच्या वेगळ्या. चाली एकमेकांत मिसळलेल्या, पण याद्या वेगळ्या. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाचे रेकॉर्डिंग झाले. ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि तिची मावसबहीण मेबेल. कंट्रीचे आद्य घराणे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे हा कार्टर गाणी गोळा करत हिंडला, तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक त्याच्याबरोबर असे. कार्टर शब्द टिपून घेई, रिडल चाल डोक्यात ठेवी. रेकॉर्डवर नाव छापले गेले ते कार्टरचे. ब्लूग्रासचा जनक म्हणवला गेलेला बिल मन्रो आपल्या तरुणपणीच्या आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या खाणकामगार-वादकाचे ऋण मान्य करत असे, पण शुल्ट्झची एकही रेकॉर्ड निघाली नाही. नॅशव्हिलच्या रेडिओवर माउथ ऑर्गन वाजवून गाजलेल्या डीफोर्ड बेलीला १९४१ मध्ये काढून टाकले. त्याने बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ मध्ये तो वारला आणि कंट्रीच्या सन्मान-दालनात त्याचे नाव लागले २००५ मध्ये.

आता आपल्याकडे या.

हलगी कुणी वाजवली? ढोलकीच्या फडावर कोण नाचले, कोण गायले? महार, मांग, कोल्हाटी. पण ते नाचणे-वाजवणे मर्जीचे नव्हते. ते जातीने लादलेले काम होते आणि त्याबरोबर बदनामीही लादलेली होती. पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. त्यांच्या फडाचा प्राण होती हिवरगावची पवळाबाई, जातीने महार. लावणीच्या इतिहासात बापूरावांना स्वतंत्र प्रकरण मिळते, पवळाबाई त्यांच्या प्रकरणातली एक ओळ होते. बापूरावांनी चळवळीला देणगी देऊ केली तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. आमच्या बायकांना फडावर नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. ती बरोबरच होती. डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर केलेला अभ्यास वाचा, म्हणजे त्या नकारामागचे दुःख कळेल.

पण बाबासाहेबांच्या माणसांनी गाणे सोडले नाही, हे नीट लक्षात घ्या. भीमराव कर्डकांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातली लाचारी काढून टाकली आणि आंबेडकरी जलसा उभा केला. सत्यशोधक जलशांनी वाट करून दिलेली होतीच. पुढे वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहून गावोगाव माणसे जागी केली. जातीने लादलेला बाजा टाकून माणसाने स्वतःच्या मर्जीने गायला सुरुवात केली, ती अशी.

याच मातीत आपले शिंदे घराणे उभे राहिले. प्रल्हाद शिंदे, त्यांची मुले आनंद, मिलिंद, दिनकर आणि आनंद यांची मुले हर्षद, उत्कर्ष, आदर्श. कार्टर कुटुंबाच्या तोडीचे हे घराणे आहे, पण 'घराणे' हा शब्द आपले समीक्षक शास्त्रीय गायकांसाठीच राखून ठेवतात. आषाढी आली की 'पाऊले चालती पंढरीची वाट' गल्लोगल्ली वाजते. तो आवाज प्रल्हाद शिंद्यांचा. त्याच गळ्यातून भीमगीते आली. पण बाजारात एक गाणे 'भक्तिसंगीत' झाले आणि दुसरे 'जयंतीची गाणी'. तोच आवाज, पण याद्या दोन. ब्रिस्टलची गोष्ट आठवते ना?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला बाहेरचा, "कलेला जात नसते." नसते तर उत्तमच. मग पवळाबाई एका ओळीत का उरली, याचे उत्तर द्या. ज्यांची नावे आधीच छापून आलेली असतात, त्यांनाच नावाचा प्रश्न क्षुद्र वाटतो.

दुसरा आक्षेप आपल्यातला आणि जास्त महत्त्वाचा. "हलगी, फड ही गुलामीची खूण. ती सोडली, आता उकरायची कशाला?" गुलामी सोडलीच पाहिजे. पण काम सोडणे वेगळे आणि त्या कामातल्या निर्मितीवरचा हक्क सोडणे वेगळे. काळ्यांनी अपमानापायी बँजो ठेवला, तर तो दुसऱ्याने उचलून स्वतःच्या नावावर केला. आज सरकारी महोत्सवात हलगी 'महाराष्ट्राची लोककला' म्हणून वाजते, निवेदक संस्कृतीचे गोडवे गातो आणि वाजवणाऱ्यांची नावे सांगत नाही. कामाबरोबर हक्कही सोडला की असेच होते.

मग करायचे काय? तीन गोष्टी.

एक, नाव घ्या. आपले कवी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचे नाव गुंफतात. ती त्यांची सही आहे. जयंतीचा डीजे धृपद आणि पहिला अंतरा वाजवतो, पुढचे कापतो. म्हणजे गीतकाराची सही आपणच फाडतो. गाणे वाजवण्याआधी गीतकार आणि गायकाचे नाव पुकारायला किती वेळ लागतो?

दोन, हक्क मागा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराने हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसांकडे जातो आणि कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ पर्यंत जिवंत आहे. आपल्या किती शाहिरांच्या घरी ही माहिती पोचली आहे? वकिली करणाऱ्या आपल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे.

तीन, नोंद करा. १९७८ ते १९९४ अशी १६ वर्षे नामांतराची लढाई चालली. ती गाण्यांनीही लढली गेली. ती गाणारे शाहीर आज थकले आहेत, त्यांच्या कॅसेट ट्रंकेत पडून आहेत. रियानन गिडन्स आणि तिच्या मित्रांनी ऐंशी ओलांडलेल्या जो थॉम्पसन या काळ्या फिडलवादकाच्या घरी बसून त्याची विद्या उचलली, म्हणून ती वाचली. १४ जानेवारीला आपण विद्यापीठ गेटवर हजारोंनी जमतो. येत्या वेळी निदान शंभर जणांनी तिथे गाणाऱ्या म्हाताऱ्या शाहिरांसमोर मोबाइल धरावा. सेल्फीसाठी नको, त्यांचे गाव, गुरू, गीताचे वर्ष आणि पूर्ण गाणे टिपण्यासाठी. नागसेनवनातल्या विद्यार्थ्यांनी त्याची यादी करावी.

बेलीचे नाव दालनात लागायला त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षे गेली. आपले शाहीर अजून आपल्यात आहेत. त्यांची नावे त्यांच्या हयातीतच लिहिली गेली पाहिजेत आणि ती आपणच लिहिली पाहिजेत.

जयभीम!