डोके अर्धे दुखते म्हणून अर्धशिशीच?



आमच्या गिरड भागात डोक्याची एकच बाजू महिनोन्‌महिने दुखत राहिली की निदान घरीच होते: अर्धशिशी. कोणी पहाटे दूध-जिलबी खायला सांगतो, कोणी उतरवून देतो. बाकीचे काम किराणा दुकानातली गोळी करते. या सवयीला माझा ठाम विरोध आहे.

अर्धशिशी खरीच असते आणि पुष्कळांना तीच असते. ठणका, मळमळ, उजेड सोसवत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट. पण रोज ठरावीक वेळी एका डोळ्याभोवती असह्य कळ येऊन त्याच डोळ्यातून पाणी गळत असेल, तर ती क्लस्टर डोकेदुखी. तिचे उपचार वेगळे. मानेचे मणके, दाढ, सायनस हीही कारणे असतात. डोळा लाल होऊन दिव्याभोवती रंगीत वलये दिसली तर काचबिंदूची शंका घ्यावी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागले आणि घास चावताना जबडा दुखू लागला, तर कानशिलाच्या धमनीला सूज आलेली असू शकते. त्यात उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

आणि ती गोळी? कापूस वेचायला जाणाऱ्या कितीतरी बाया डोक्याला फडके घट्ट आवळतात, पदराच्या गाठीत दोन गोळ्या ठेवतात आणि चहाच्या घोटाबरोबर एक घेऊन पुन्हा तासाला लागतात. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस, मिश्र गोळी दहा दिवस, अशी तीन महिन्यांवर घेतली की गोळीच डोके दुखवू लागते. गोळी बंद केली की दुखणे आधी वाढते, म्हणून ती सुटत नाही. बाईचे डोके दुखायचेच, असे म्हणणाऱ्या घरात हे कोण पाहणार?

सेवाग्रामला किंवा हिंगणघाटला दवाखान्यात जायचे म्हणजे मजुरी बुडते, हे खरे. म्हणूनच पहिली चौकशी गावातच व्हायला हवी. वय काय, नजर कशी, महिन्यात गोळ्या किती, एवढे आशाताईंनाही विचारता येईल. अर्धशिशी रोखणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांनी तपासूनच द्यावे. आरोग्य विभागाने ही औषधे तालुक्यात कायम उपलब्ध ठेवावीत. आणि वाचकांनो, घरातल्या बाईला दवाखान्यात नेताना महिनाभरातली गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्या.

एक वाचक, गिरड (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)