एकदा फॉरमॅट मारून टाका!

पोट दुखतंय असं चारचौघांत म्हणालात, तर कोणी ओवा सुचवतो, कोणी बेंबीला हिंग लावायला सांगतो. पोटच काढून टाका, असं कोणी म्हणत नाही. पण ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय वाटतं’ एवढं नुसतं पुटपुटून बघा. समोरचा माणूस, मग तो कोणीही असो, ताबडतोब म्हणतो, “एकदा फॉरमॅट मारून टाका!”

या वाक्याशी माझं वैर आहे. का, ते सांगतो.

गेल्या दिवाळीत माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, दर पाच मिनिटांनी एक लाल पाटी उगवू लागली: ‘सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत!’ सौ. म्हणाली, “पाचच का? आणि मोजले कोणी?” उभा जन्म बँकेत आकडे तपासण्यात घालवणाऱ्या मला हा प्रश्न सुचायला हवा होता. पण मी घाबरलो होतो, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

बातमी फुटताच तज्ज्ञ जमले. मेव्हणे आले, भाचा आला, खालच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर तर चहाच्या वेळेलाच आले. भाच्याने एकाऐवजी दोन अँटिव्हायरस घातले. एका दारावर दोन गुरखे नेमले की ते चोराला सोडून एकमेकांचीच झडती घेतात. कॉम्प्युटर होता त्याहून मंद झाला. “बघा, पसरतोय!” ओव्हरसियर म्हणाले. आणि तिघांनी एका सुरात तो महामंत्र उच्चारला.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फॉरमॅट मारण्याआधी विचारलं, नाही असं नाही. “काका, काही महत्त्वाचं आहे का?” मी ऐटीत म्हणालो, “सगळं डी ड्राइव्हवर आहे!” सगळं नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटच्या वर्षी आपल्या लहानपणच्या आठवणी सांगितल्या होत्या. दीड तासाचं ते रेकॉर्डिंग डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मुंज झालेल्या बटूच्या डोक्यासारखा कॉम्प्युटर लख्ख झाला होता, आणि अण्णा गेले होते. दुसऱ्यांदा.

आठव्या दिवशी लाल पाटी परत आली!

या वेळी तज्ज्ञांना न कळवता मुलीला बोलावलं. तिने ब्राउझरची सेटिंग्ज उघडली, ‘नोटिफिकेशन्स’मध्ये गेली आणि विचारलं, “बाबा, या पंचांगाच्या साइटला ‘परवानगी द्या’ तुम्ही दाबलंत का?” दाबलं होतं. फॉरमॅटच्या आधी आणि फॉरमॅटनंतरही, तितक्याच भक्तिभावाने. तिने ते नाव काढून टाकलं. दोन मिनिटं लागली. व्हायरस कधी नव्हताच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आता माझं म्हणणं ऐका. खरा चोर ढोल बडवत येत नाही. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला, त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. एवढी सभ्यता त्या धंद्यात पुढे राहिली नाही. आजचा चोर गुपचूप बसतो. खंडणीखोरसुद्धा काम उरकल्यावरच चिठ्ठी ठेवतो. म्हणून जी पाटी ओरडून व्हायरस मोजून दाखवते आणि खाली ‘या नंबरवर फोन करा’ म्हणते, ती पाटीच बहुधा चोराची असते. त्या नंबरवर कधीही फोन करू नये. केला असेल आणि पैसे गेले असतील, तर लाजत न बसता लगेच १९३० या सरकारी नंबरवर करावा.

आणि खराच शिरला असेल तर? आमच्या बँकेत संध्याकाळी दोन रुपये जुळले नाहीत म्हणून कोणी लेजर जाळत नाही. एकेक नोंद टिक करत मागे जातात. इथेही तसंच. आधी इंटरनेट तोडा. त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार बंद. पासवर्ड बदलायचे, ते दुसऱ्या धडधाकट मशीनवरून. फोटो, कागद, आवाज यांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोजमध्ये २०१२ पासून अँटिव्हायरस घरचाच असतो, त्याला पूर्ण तपासणी करू द्या. अपडेट ‘उद्या बघू’ म्हणून ढकलू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार केला, त्यावरचं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं. एवढं करूनही रोग हटला नाही, तर जरूर फॉरमॅट मारा. शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. नाडी न बघता सुरी काढणाऱ्याला आहे.

पण हे कोणी सांगत नाही, कारण यात वेळ जातो. ‘फॉरमॅट मारा’ म्हणायला दोन सेकंद लागतात, आणि जातं ते दुसऱ्याचं.

परवा ओव्हरसियर जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. “अहो, माझा कॉम्प्युटर फार हळू चालतोय. व्हायरस असेल का हो?”

ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. सूड घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. पण मी ते गिळलं आणि म्हणालो, “नातवाचे फोटो कुठे आहेत, ते आधी बघू. चला.”