तीन राज्ये, एक अरण्य

गोव्यातील म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषप्रयोगाने मारले गेले. गुरे गमावल्याचा राग हे त्यामागील कारण असल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर या अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याच्या मागणीने पुन्हा जोर धरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तसा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली.

म्हादईचे अरण्य एकट्या गोव्याचे नाही. पूर्वेस ते कर्नाटकातील भीमगड अभयारण्यास भिडते आणि त्यापलीकडे काळी व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे. उत्तरेस तिळारीमार्गे एक वाट महाराष्ट्रातील सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे जाते. कोयना व चांदोली येथील अरण्ये मिळून २०१० मध्ये झालेल्या या प्रकल्पात काळीकडील वाघ याच वाटेने येतात. ती वाट तुटली, तर कोट्यवधी रुपये खर्चूनही सह्याद्रीतील वाघ वाढणार नाही. या शतकाच्या आरंभी कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेल्या हत्तींनीही राज्यांच्या सीमा जुमानल्या नाहीत. त्यांनी तुडविलेल्या माडा-केळींचा हिशेब मात्र प्रत्येक सरकार स्वतंत्रपणे मांडते.

म्हादईच्या पाण्यासाठी या तीन राज्यांत २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये निवाडाही झाला. त्याच खोऱ्यातील वन्य जीवांसाठी तसे कायमचे व्यासपीठ नाही. कर्नाटकाने पाणी वळविल्यास अभयारण्याची हानी होईल, असे गोवा सांगतो. तो युक्तिवाद रास्त आहे. परंतु त्याच अभयारण्याला अधिक संरक्षण देण्याची वेळ येताच हात आखडता घेतल्याने त्याचे वजन घटते.

अर्थात रहिवाशांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला; त्याखालील दावे निकाली न काढता नव्या निर्बंधांची घोषणा केल्यास काजूच्या बागांवर जगणारी कुटुंबे वाघाकडे शत्रू म्हणूनच पाहतील.

घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये वने व वन्य प्राणी समवर्ती सूचीत आले. त्यामुळे पुढाकार घेण्यास केंद्राला अडचण नाही. तिन्ही राज्यांची एक स्थायी समिती, नुकसानभरपाईचा समान दर व तिची ठरावीक मुदत, आणि वाघ-हत्तींच्या हालचालींची तत्काळ देवाणघेवाण, एवढ्यापासून आरंभ करता येईल. गाय गमावलेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळाली, तर विषाच्या बाटलीकडे वळणारा हात थांबण्याची शक्यता अधिक. ही जबाबदारी न्यायालयांवर सोपवून सरकारांना मोकळे होता येणार नाही.