कोयता हे माणसाचे नाव नाही

गेल्या ६ डिसेंबरला आमच्या गटातले निम्मे कार्यकर्ते चैत्यभूमीवर होते. उरलेले आम्ही चौघे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड मजुरांच्या तळावर गेलो होतो. तळावर बीड, जालना, परभणीकडची माणसे होती. कोपीला पाचटाचे छप्पर असते, ठिणगी पडली तर सगळा तळ जळेल, म्हणून बाबासाहेबांचा फोटो आणि मेणबत्त्या बाहेर एका दगडावर मांडल्या. वीस-पंचवीस माणसे जमली. दिवसभर फडात वाकून आलेली, हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे असलेली माणसे. त्रिशरण-पंचशील झाले. वंदना पुरी व्हायच्या आत मुकादमाची हाक आली, "गाडी लागलीय, भरायला चला." मेणबत्त्या तशाच जळत राहिल्या आणि माणसे अंधारात ट्रक भरायला निघून गेली.

आम्ही त्या दिवशी महिलांची नावे नोंदवायला गेलो होतो. एका ताईंना नाव विचारले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "माझं नाव कशाला लिहिता दादा? मी ह्यांच्या कोयत्यात हाय ना."

मुकादमाची वही पाहिली तर ताईंचे म्हणणे खरे होते. वहीत फक्त पुरुषांची नावे. प्रत्येक नावापुढे 'एक कोयता'. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. दोन माणसे राबतात आणि नोंद एका हत्याराची होते. आमच्या पूर्वजांना गावगाड्याने माणूस म्हणून न ओळखता कामावरून ओळखले. मेलेले ढोर ओढणारा, सांगावा पोचवणारा, वेस राखणारा. विसाव्या शतकात आम्ही ती ओळख नाकारली. एकविसाव्या शतकातला साखर कारखाना माणसाला पुन्हा हत्याराच्या नावाने ओळखतो आणि ते कोणाला खटकत नाही, हे आम्हाला जास्त खटकते.

आता हिशेबाकडे येऊ. भावनेच्या गोष्टी पुष्कळ होतात, हिशेब कोणी करत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला सुमारे २७३ रुपये मिळत होते, ते सुमारे ३६६ झाले. वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यात बातमी छापली. पण हा दर जोडीचा आहे. दोघांनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ऊस तोडला, साळला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहिल्या आणि गाडी भरली, तर दिवसाला दीड ते दोन टन होतो. दोन टन धरले तर जोडीला ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. दीड टन धरला तर माणशी पावणेतीनशेच्या आसपास. बारा-चौदा तासांचे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठायचे, त्याचे वेगळे काही नाही.

याला उचलीची जोड द्या. जोडीने एक लाख उचल घेतली असेल तर ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टनांप्रमाणे १३६ दिवस. एकही दिवस आजारी न पडता, एकही दिवस पाऊस न येता, एकही दिवस पाळणूक न करता. म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम. आणि या साडेचार महिन्यांत खायचे काय? त्यासाठी दर आठवड्याला खर्ची मिळते, ती पुन्हा खात्यावर चढते. शिवाय कामावर न आल्याचा खाडा कापला जातो. हंगाम संपतो तेव्हा बऱ्याच जोड्यांकडे मुकादमाची बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत जमा होते. माणूस गावी परततो, पण त्याचे पुढचे वर्ष आधीच विकले गेलेले असते.

बाईचे गणित याहून वेगळे आहे. तिला फडातून आल्यावर चूल आहे, पाणी आहे, लेकरू आहे. तळावर संडास नाही, न्हाणीघर नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घ्यावीच लागते, कारण खाडा पडला तर दोघांच्या कष्टातून कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांचे सर्वेक्षण झाले, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. आम्ही डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडली, ती मोडायलाच हवीत. पण खाड्याच्या धाकाने बाईला स्वतःचे शरीर अडचण वाटू लागले, त्या धाकाचे काय? डॉक्टरच्या टेबलावर पोचण्याआधी ती मुकादमाच्या वहीत अडकलेली होती.

आता मूळ प्रश्न. हे मजूर कोणाचे?

कारखान्याला विचारा. तो म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे, मजुराला आम्ही ओळखत नाही. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पण कर्जातच आहे, मीही त्यांच्यातलाच. ज्याचा ऊस तोडला जातो तो शेतकरी म्हणतो, मी तर त्यांना आणलेच नाही. गेटच्या आत वजनकाट्यावर बसणारा कामगार आहे. त्याला पगारपत्रक आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, वेतन करार आहे. त्याच काट्यावर जो ऊस येतो तो तोडणारा मात्र कोणाचाच कामगार नाही.

आमचे म्हणणे असे की हे खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा कारखानदारांनीच दिला आहे. तोडणीचा दर कोण ठरवते? राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड संघटना समोरासमोर बसून ठरवतात. मजूर तुमचे नाहीत तर त्यांच्या मजुरीची बोलणी करायला तुम्ही कोणत्या नात्याने बसता? कोणत्या दिवशी कोणत्या फडात टोळी जाणार याचा तोडणी कार्यक्रम कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. काम तुमच्या हुकमाने, मोजमाप तुमच्या काट्याने, दर तुमच्या सहीने. मग मालक आणखी कोणाला म्हणतात?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला यासाठी 'असंघटित क्षेत्र' हा शब्द शिकवला गेला. परीक्षेत आम्हीही तो लिहिला. आज वाटते, तो शब्द फसवा आहे. दहा लाखांच्या आसपास माणसे दरवर्षी दिवाळीच्या पुढेमागे ठरलेल्या कारखान्यांवर, ठरलेल्या दराने, ठरलेल्या हंगामासाठी हजर होतात. इतकी शिस्तीची व्यवस्था असंघटित कशी? ती पूर्ण संघटित आहे, फक्त मजुराच्या बाजूने नाही.

यावर काही मित्र म्हणतात की तुम्ही शेतकऱ्याच्या पोटावर पाय देता. त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातूनच कापला जातो. म्हणून मजुराचे दहा रुपये वाढले की ते शेतकऱ्याच्या खिशातून गेल्यासारखे दिसतात आणि बांधावरचे दोन घाम गाळणारे एकमेकांवर गुरगुरतात. ही वजावट अशीच का राहावी, हा प्रश्न शेतकऱ्याने आणि मजुराने मिळून कारखान्याला विचारला पाहिजे. शेतकऱ्याला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे. तो पाळला जात नाही म्हणून आंदोलने होतात, ती रास्तच आहेत. पण ज्याने तो ऊस तोडला त्याच्यासाठी १४ दिवसांचा सोडा, १४० दिवसांचा हिशेबही कागदावर नाही.

दुसरा आक्षेप, मजूर उचल घेऊन पळून जातात. काही जातात, मुकादम बुडतात, हे आम्ही नाकारत नाही. पण उलट प्रश्न विचारा. ज्या नोकरीत माणसाला आगाऊ पैसे देऊन बांधावे लागते आणि तरी तो पळतो, ती नोकरी कसली? आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, याला १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. भूक हीसुद्धा सक्तीच आहे, हा त्या निकालाचा अर्थ. हे दोन्ही कायदे फडाच्या बांधापर्यंत का पोचत नाहीत?

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात महार होते तसेच कुणबीही होते. मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात शेती हा सरकारी उद्योग करावा, जमिनीवर सामुदायिक शेती व्हावी, म्हणजे भूमिहीन मजूर हा वर्गच उरणार नाही, अशी मांडणी केली. पुढे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, माणसांनी तुरुंग भरले. हा वारसा आपला आहे.

आणि आज आपली दिनदर्शिका बघा. ६ डिसेंबर, १ जानेवारी, २६ जानेवारी. आपले मोठे दिवस बरोबर गाळप हंगामात येतात. त्या दिवशी आपण स्टेजवर असतो आणि आपलीच भावंडे फडात. १४ एप्रिलला ती नुकतीच गावी परतलेली असतात, थकलेली, कर्ज डोक्यावर घेऊन. आपण त्यांच्याकडून वर्गणी घेतो, डीजे लावतो. हंगामात त्यांच्या तळावर किती शाखा गेल्या, हे आपण स्वतःला विचारत नाही. आम्हीही गेल्या वर्षीच पहिल्यांदा गेलो, हे सांगताना लाज वाटते.

तळावर वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत, मराठाही आहेत. मुकादम बहुधा ज्या जातीचा, टोळी त्या जातीची. आम्ही पाहिलेल्या तळावर कोपींच्या रांगाही जातीप्रमाणे होत्या, पाण्याचा टँकर आल्यावर पुढे कोण हे न बोलता ठरलेले होते. दर सगळ्यांना एकच, खाडा सगळ्यांना एकच, तरी माणसे वेगवेगळी. जात श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी सांगितले ते वाचायला ग्रंथालयात जाण्याची गरज नाही, तळावर एक रात्र राहा.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाने मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. या चांगल्या गोष्टी आहेत. पण कल्याण हे उपकारासारखे दिले जाते, हक्क नोंदीतून येतो. ज्याची नोंद नाही त्याचे कल्याण कोणाच्या नावाने करणार?

म्हणून आमची मागणी लांबलचक नाही. एक, तोडणी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीची आणि पुरुषाची स्वतंत्र नोंद कारखान्याच्या हजेरीपटावर व्हावी. दोन, दर पंधरवड्याला वजनाची पावती मिळावी आणि मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यावर जमा व्हावी. तीन, उचल कागदावर असावी आणि आजारपण, पाळी, बाळंतपण यांचा खाडा बेकायदा ठरावा. चार, तळावर पाणी, संडास आणि पाळणाघर नसेल तर साखर आयुक्तांनी त्या कारखान्याला गाळप परवाना देऊ नये. परवाना दर हंगामाला घ्यावाच लागतो, त्यामुळे यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको.

कोणी म्हणेल, आता तोडणी यंत्रे येत आहेत, हा प्रश्न आपोआप संपेल. यंत्र आल्यावर प्रश्न संपणार नाही, मजूर संपेल. आणि ज्याची कुठेच नोंद नाही, त्याला काम गेल्याची भरपाई मागताही येणार नाही. म्हणून नोंद आजच हवी.

त्या रात्री ट्रक भरून माणसे परतली तेव्हा मेणबत्त्या विझल्या होत्या. त्या ताई पुन्हा आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, त्या कागदावर माझं नाव लिहिलं का?" आम्ही लिहिले. त्यांनी आपल्या नावाबरोबर स्वतःच्या आईचेही नाव सांगितले. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, तरी आम्ही ते कडेला लिहिले.

येत्या हंगामात आपापल्या तालुक्यातून कोणत्या टोळ्या कुठे गेल्या याची यादी करा. ६ डिसेंबरला निम्मे चैत्यभूमीवर जा, निम्मे तळावर जा. जाताना हारतुरे नकोत, वही आणि पेन न्या.

जय भीम!