सुपरहिरोच्या मागची कंपनी

आमच्या हॉस्टेलमध्ये 'द बॉईज'चं नाव काढलं की सगळे सिरीजवरच सुरू होतात. 2019 मध्ये ती ॲमेझॉनवर आली आणि होमलँडर हा प्रत्येक विंगचा लाडका व्हिलन झाला. पण मूळ कॉमिक वाचलेली माणसं शोधायला गेलो तर अख्ख्या ब्लॉकमध्ये अडीच सापडली. (अर्धा म्हणजे माझा रूममेट. तो फक्त चित्रं बघतो.) म्हणून हा लेखनप्रपंच.

लेखक गार्थ एनिस, चित्रकार डॅरिक रॉबर्टसन. 2006 मध्ये डीसीच्या वाइल्डस्टॉर्मकडून हे कॉमिक सुरू झालं. पहिल्याच अंकात ए-ट्रेन नावाचा सुपरहिरो सुसाट धावत येतो आणि त्या भानगडीत ह्यूईची मैत्रीण जागच्या जागी मरते. हा बिचारा तिचे हात हातात धरून उभा! मग बुचर त्याला आपल्या टोळीत ओढतो. टोळीचं काम एकच, सुपरहिरोंना वठणीवर आणणं. सहा अंक निघाले आणि जानेवारी 2007 मध्ये डीसीने गाशा गुंडाळायला लावला. मला विचाराल तर यात नवल नाही. सुपरमॅन ज्यांच्या घरचा, त्यांच्याच ओट्यावर बसून त्याची टवाळी किती दिवस चालणार? पण हक्क लेखक-चित्रकारांना परत मिळाले आणि त्याच वर्षी डायनामाइटने सातवा अंक काढला. इथून 'गेट सम' हा नवा कथाभाग सुरू होतो, अंक 7 ते 10.

आता एवढं रामायण झाल्यावर परत येणारा माणूस काय करेल? धडाकेबाज मारामारी, चार स्फोट, दहा मुडदे. एनिसने तसं केलं नाही. त्याने एका साध्या पोराचा मृत्यू घेतला. एक समलिंगी तरुण इमारतीवरून पडून मेलाय आणि त्याचं कुणाला काही पडलेलं नाही. संशय जातो टेक-नाइटवर. हा बॅटमॅन आणि आयर्न मॅन मिक्सरमध्ये घालून काढलेला श्रीमंत हिरो. आणि याच कथाभागात भेटतो लेजंड, कॉमिक्सच्या दुकानाखाली राहणारा खडूस म्हातारा. सुपरहिरोंची गोंडस कॉमिक्स वर्षानुवर्षं याच्याच हाताखालून गेलेली. म्हणजे कॉमिकच्या आत कॉमिक! आतलं कॉमिक ही चक्क जाहिरात आहे, व्हॉट-अमेरिकन कंपनीच्या मालाची. आणि माल म्हणजे सुपरहिरो.

माझं म्हणणं एवढंच, की या मालिकेचा खरा व्हिलन उडणारा माणूस नाही, ही कंपनी आहे. पुढच्या अंकांत कळतं की ती मुळात शस्त्रास्त्रांची कंत्राटदार. तिच्या सदोष रायफली व्हिएतनामच्या युद्धात ऐन वेळी दगा देतात आणि पोरं मरतात. डोळ्यातून किरण सोडणारा होमलँडर मला कधी भेटणार नाही. पण खराब माल 'ओके' म्हणून सही करणारा माणूस? तो कदाचित आपल्यातूनच कॅम्पसला सिलेक्ट होईल.

सगळं छान आहे असंही नाही. एनिसचे विनोद बऱ्याचदा गटारात लोळतात. समलिंगी माणसाला न्याय मिळवून देणाऱ्या गोष्टीत त्यांच्यावरच स्वस्त कोट्या कशाला? दहातल्या चार तरी मी गाळल्या असत्या. तरीही 2012 पर्यंत चाललेल्या या 72 अंकांतून एकच सुचवायचा झाला तर मी सातवा सुचवेन.

जाता जाता एक कबुली. मी सिव्हिलचा. काँक्रीटच्या लॅबमध्ये आमच्या ग्रुपने तीन क्यूबऐवजी दोनच फोडले. तिसऱ्याचं रीडिंग सिनिअरच्या जर्नलमधून उतरवलं, थोडं इकडेतिकडे करून, म्हणजे संशय नको. ॲव्हरेज मस्त आली. सही मिळाली. आम्ही कँटीनला गेलो. कुणी मेलं नाही, कारण त्या काँक्रीटवर कुणी राहणार नव्हतं.

त्याच रात्री लेजंड वाचत होतो. पान उलटायला जरा वेळ लागला.